खंदकाच्या गल्लीची मापं

खुर्चीची रुंदी पंचवीस इंच होती. पाय ठेवायच्या पट्ट्या धरून लांबी बेचाळीस. वजन एकवीस किलो. ते मी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर करून घेतलं होतं. चाकांची ही खुर्ची नवी नव्हती. बंद पडलेल्या एका नर्सिंग होमचं सामान विकायला निघालं, त्यात ती मिळाली. चालताना ती थोडी उजवीकडे ओढायची.

खुर्ची माझ्या बायकोची. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी खात्यातून माझी बदली कलकत्त्याला होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आम्ही बालीगंजमध्ये भाड्याच्या घरात राहत होतो. मुलगी लग्न होऊन इंदूरला गेली होती, घरात आम्ही दोघंच. एका भाद्रपदात बायकोला ताप आला. नवव्या दिवशी तो उतरला आणि कमरेखालचं सगळं बरोबर घेऊन गेला. डॉक्टरांनी त्याला एक लांब नाव दिलं. ते मी लिहून घेतलं, पण पुढे त्याचा कधी उपयोग झाला नाही. घरमालक भला माणूस; त्यानं आम्हांला दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणलं आणि भाडं तेच ठेवलं.

ऑफिसातले लोक विचारायचे, तुम्ही स्वतः कसे आहात? मी म्हणायचो, ठीक. ते खोटं नव्हतं. त्या दीड वर्षात मला फारसं काही वाटत नसे. दात काढल्यावर गाल काही वेळ आपला नसतो, बोट लावलं तर बोटाला कळतं पण गालाला कळत नाही, तसं काही तरी. सकाळी तिचं आवरून मी ऑफिसला जायचो, दिवसभर कामवाली बाई असायची, संध्याकाळी परत यायचो. मधल्या वेळात ती काय करते हे मी विचारत नसे. दाराच्या चौकटींना जमिनीपासून वीसएक इंचांवर ओरखडे पडलेले मी पाहिले होते. बाई खुर्ची नीट ढकलत नाही असं मनात नोंदवलं आणि सोडून दिलं.

मार्गशीर्षात माझ्या मेहुण्यांचं, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचं, पुण्याहून पत्र आलं. तिला आमच्याकडे पाठवा. खालची खोली रिकामी केली आहे, मोरीचा उंबरा काढून जमीन सपाट करून घेतली आहे, पूर्णवेळ बाई बघून ठेवली आहे. तुमची नोकरीची नऊ वर्षं उरली आहेत, ती तिकडे काढा. मग तुम्हीही या. जानेवारीअखेर कळवा, म्हणजे मी स्वतः तिला न्यायला येतो.

मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती.

"दादा चांगलाच आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "उत्तर पाठवायच्या आधी मला एकदा बागबाजारला न्या."

बागबाजारचं कारण असं. आजारी पडण्याआधी ती दर रविवारी मराठी मुलांचा एक वर्ग घ्यायची. आमच्यासारख्या बदलीवर आलेल्यांची आणि तिथंच जन्मलेल्यांची मिळून आठ मुलं. घरात मराठी, बाहेर बंगाली, शाळेत इंग्रजी, त्यामुळे त्यांचं मराठी लंगडं. वर्गातल्या एका मुलीला शाळेत कुणी तरी 'बर्गी' म्हणून चिडवलं. बंगालमध्ये अजूनही बाळांना बर्गी येतील म्हणून भीती घालून निजवतात. बर्गी म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बंगालवर चालून आलेले मराठे घोडेस्वार. त्यांना अडवायला कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो उत्तरेला बागबाजारपासून सुरू झाला आणि पुरा मात्र कधीच झाला नाही, कारण मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. पुढे तो बुजवून वर रस्ता झाला. त्या मुलीनं वर्गात विचारलं, "काकू, बर्गी म्हणजे आपणच का?" बायको म्हणाली, "पुढच्या महिन्यात तुम्हांला खंदकाची जागा दाखवते, मग तिथंच बोलू." पुढच्या महिन्यात तिला ताप आला.

"खंदक आता नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे. कुठे नाही, ते बघायचंय."

"कशासाठी पण?"

तिनं शेंगांची सालं एका बाजूला केली. "मुलांना मला तिथं नेता येतं का ते बघायला. नेता येत असलं तर मी इथं राहीन. नाही आलं तर जाईन दादाकडे. नऊ वर्षं या चार खोल्यांत बसून तुमची वाट बघायची, ते मला नको."

मी बरं म्हणालो. खरं सांगायचं तर माझा निर्णय झाला होता. पुण्याची खोली सपाट होती, तिथं माणसं होती. पण तिनं मागितलेली गोष्ट नीट करायची, एवढं मला कळत होतं, आणि नीट करायची म्हणजे आधी मोजायची.

आजारपणात शिल्लक संपली होती. त्या दिवसासाठी मी वीस रुपये ठरवले. ट्रामवर खुर्ची चढत नाही, त्यामुळे जायला-यायला टॅक्सी हवी, आणि ती त्यातले सोळा तरी खाणार. उरलेल्या चारांत ढकलायला किंवा उचलायला माणूस लावणं बसत नव्हतं. म्हणून जिथं आम्हां दोघांनाच जाता येईल असा रस्ता शोधायला मी लागोपाठ तीन रविवार सेकंड क्लासच्या ट्रामनं बागबाजारला गेलो. बरोबर वही आणि तिच्या शिवणाच्या डब्यातली कापडी टेप.

बागबाजार हा जुना उत्तर कलकत्ता. हिरव्या लाकडी झडपांच्या खिडक्या, नक्षीचे लोखंडी कठडे, भिंतीतून उगवलेले पिंपळ. प्रत्येक जुन्या घराला दाराबाहेर रस्त्यालगत सिमेंटचा एक ओटा असतो; त्याला तिकडे 'रोक' म्हणतात आणि घरातले पुरुष त्यावर सकाळ-संध्याकाळ बसून जगाचा निकाल लावतात. पाहायला तिकीट नाही, हे मला सोयीचं होतं. मी फुटपाथच्या कडा मोजल्या: सहा, नऊ, एके ठिकाणी अकरा इंच. पहाटे कामगार जाड पाइपानं नदीचं पाणी सोडून रस्ते धुतात. तो चिखल साडेआठपर्यंत वाळत नाही, हे लिहिलं. घाटाच्या पायऱ्या सव्वीस. नदीकाठच्या मालगाडीच्या रुळांत पुढची चाकं अडकतील, म्हणून तिथे जायचं नाही. टपालाची पेटी कोपऱ्यावर. वाटेतल्या अरुंद जागा एकूण अकरा. त्यांत सगळ्यांत अरुंद एका बोळाच्या तोंडाशी होती. हातगाड्या आत शिरू नयेत म्हणून तिथं लोखंडाचे दोन खांब रोवले होते आणि त्यांच्यामध्ये साडेसव्वीस इंच होते. त्या बोळातून पुढे गेलं की खंदकाच्या नावाची गल्ली लागते. खंदकाची तेवढीच खूण शिल्लक आहे. गल्लीला दुसरी वाट होती, पण तिच्यात तीन पायऱ्या आणि बारा इंचांचं उघडं गटार होतं. तिच्यापुढे मी 'अशक्य' असं लिहिलं.

खांबांशेजारच्या रोकवर तीन म्हातारे बसलेले असायचे. पहिल्या रविवारी मी वाकून टेप लावलेली पाहून त्यांतल्या एकानं, अंगावर शाल आणि डोक्याला माकडटोपी, मला हटकलं. "काय मोशाय, कॉर्पोरेशनचे का? काय पाडताय?"

"काही नाही. मोजतोय."

"मोजल्यावरच पाडतात," दुसरा म्हणाला.

मी खुर्चीचं सांगितलं. माकडटोपीनं पाय वर घेऊन टेपला वाट दिली. पुढच्या दोन्ही रविवारी मी दिसलो की तिकडून ओरडा यायचा, "खुर्ची कुठाय, दादा? का नुसताच फिता घेऊन हिंडताय?"

फुटपाथ चढण्या-उतरण्यासाठी फळी हवी होती. नवी घ्यायला नको म्हणून पुस्तकांच्या कपाटाची मधली फळी काढली, चार फूट, सागवानी, आणि खुर्चीच्या पाठीला सुतळीनं बांधायची सोय केली. घरात खुर्चीला फळीवरून सहा वेळा चढवून-उतरवून पाहिलं. जाण्याच्या आदल्या दिवशी मेहुण्यांना आंतर्देशीय पत्र लिहिलं. प्रवासाला ती तयार होईल, आपण महिनाअखेरीस या, असा मजकूर. नंतर वेळ मिळेल न मिळेल, बागबाजारच्या पेटीत टाकून येऊ, असा विचार केला. पत्र चिकटवलं नाही. मी पत्रं शेवटच्या क्षणी चिकटवतो, पुन्हा एकदा वाचता यावीत म्हणून.

जानेवारीतला दुसरा रविवार. टॅक्सीवाल्यानं खुर्ची मागच्या डिकीत घालून झाकण दोरीनं बांधलं आणि बायकोला मी उचलून आत ठेवताना आभाळाकडे पाहत उभा राहिला. शहर ओलांडायला पाऊण तास लागला. ती सगळा वेळ काचेला नाक लावून बसली होती. दीड वर्षात ती दवाखान्याखेरीज कुठे गेली नव्हती. मी रस्त्याकडे पाहत होतो आणि वहीतल्या नोंदी मनात चाळत होतो.

घाटावर मी तिला अगदी वरच्या पायरीपाशी आणलं. खाली पाणी, होड्या, आंघोळ करून थरथरणारी माणसं.

"सव्वीस आहेत," मी म्हणालो.

"काय?"

"पायऱ्या. उतरता येणार नाही."

"मी कुठं म्हणाले उतरते म्हणून? बघू तरी द्या."

मी चाकांना ब्रेक लावला आणि दहा मिनिटं थांबलो. मग कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून नव्या खजुरी गुळाचे दोन संदेश पानाच्या द्रोणात आणले. तिनं एक खाल्ला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमचा खाऊ?"

"खा."

"तुम्हांला नको?"

"मला काही वाटत नाही."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली आणि दुसराही खाल्ला.

तिथून रस्त्यानं पूर्वेला. फळी सात वेळा लावावी लागली. माझ्या वहीत सातच होत्या. सातव्या खेपेला मी घामाघूम झालो. खुर्ची उजवीकडे ओढत होती, मी तिला सरळ करत होतो.

"डावा हात सैल सोडा," ती पुढून म्हणाली. "उजव्यानं रेटा. तुम्ही दोन्ही सारखे लावता म्हणून भांडते ती."

मी तसं केलं. खुर्ची सरळ चालायला लागली. हे तिला कसं माहीत, असं माझ्या मनात आलं नाही. आता आश्चर्य वाटतं.

खांबांपाशी आलो तेव्हा साडेदहा झाले होते. तिन्ही म्हातारे जागेवर. माकडटोपी उठून उभी राहिली.

"आली! खुर्ची आली! या बौदी, नमस्कार. तुमच्या यजमानांनी तीन रविवार आमच्या गल्लीचे कपडे शिवायला माप घेतलं. कुठच्या तुम्ही?"

"महाराष्ट्रातल्या," बायको बंगालीत म्हणाली. तिचं बंगाली माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं. "खंदक बघायला आलोय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग जे हसले ते थांबेचनात. "अरे, बर्गी आले!" एक म्हणाला. "सव्वादोनशे वर्षं उशिरा!"

"बौदी, खंदक आम्ही बुजवला," दुसरा म्हणाला. "वाट बघून बघून कंटाळलो."

"घोडे कुठं ठेवले?" माकडटोपीनं विचारलं.

बायकोनं खुर्चीच्या हातावर थाप मारली. "एकच आहे. उजवीकडे ओढतं."

मी तिला असं बोलताना बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मी खुर्ची खांबांच्या समोर नेमकी मध्यावर आणली. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच राहत होता.

"सोडा," ती म्हणाली. "मी जाते."

"काय?"

"हात काढा. मी जाते माझी."

मी हात काढले. तिनं चाकांबाहेरच्या गोल कड्यांवर हात ठेवले आणि एक रेटा दिला; मग उजव्या हातानं अर्धा, नेम सुधारायला. खुर्ची रुळावर असल्यासारखी निघाली. ही सवय होती. ती एका दिवसात येत नाही. चौकटींवरचे ओरखडे तेव्हा माझ्या लक्षात आले. रोज दुपारी मी ऑफिसात असताना ती एकटी चारही खोल्यांतून फिरत होती, आणि चौकटींना बाई नाही तर तीच घासत होती.

खांबांच्या बरोबर मधे एक लादी अर्धा इंच वर आली होती. पुढची चाकं तिला अडली. ती ओलांडायला तिनं दोन्ही हातांनी जोर दिला आणि खुर्ची पुढे गेली. हात कड्यांवर होते, कडी खांबांना लागत होती, आणि मधल्या पाऊण इंचात तिची बोटं होती.

ती ओरडली नाही. खुर्ची पलीकडे गेली, थांबली, आणि तिनं हात मांडीवर घेतले. डाव्या हाताची दोन पेरं सोलली गेली होती, उजव्याचं एक. पातळाच्या पांढऱ्या काठावर रक्त पडलं.

मी खुर्ची मोजली होती. रिकामी. तीन रविवार, अकरा जागा, आणि एकदाही तिला तिच्यात बसवून हात कड्यांवर ठेवायला सांगितलं नव्हतं. ढकलणार मी, हे मी धरून चाललो होतो. ऑफिसात माझ्या हाताखालच्या माणसानं असा तक्ता आणला असता तर मी तो त्याच्या टेबलावर परत टाकला असता.

माकडटोपीनं घरात हाक मारली. आतून त्यांच्या पत्नी टिंक्चर आणि कापूस घेऊन आल्या. ठेंगण्या, जाड चष्मा, हातात शंखाच्या बांगड्या. आधी त्यांनी नवऱ्याला धारेवर धरलं.

"तिघं बसलात गणपतीसारखे! एकाला उठून धरायला काय झालं होतं?"

"अगं, त्या स्वतः म्हणाल्या जाते म्हणून."

"तुम्ही कधी माझं ऐकता का? मग आजच बरं ऐकायचं सुचलं." आणि बायकोला म्हणाल्या, "झोंबेल हं, मा."

झोंबलं असावं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी शेजारी उभा होतो.

"दुखतंय का फार?" मी विचारलं.

"दुखतंय," ती म्हणाली. "हात आहेत ना, हातांना दुखतं." रडत होती की हसत होती ते मला सांगता आलं नाही.

मी परत जाऊ म्हणालो.

"गल्ली किती पुढे आहे?"

"एकतीस पावलं."

"मग?"

उरलेलं अंतर मी ढकललं. गल्लीत वाळत घातलेले कपडे, एक मांजर, भिंतीवर पुसट झालेल्या घोषणा. कोपऱ्यावर नावाची पाटी. बायकोनं ती बंगालीत वाचली, मग इंग्रजीत.

"म्हणजे इथं?"

"इथंच कुठे तरी सुरू होत होता."

"किती रुंद होता?"

"नक्की आकडा मला माहीत नाही."

तिनं मान वळवून वर पाहिलं. "तुम्हांला आकडा माहीत नाही? तुम्हांला?"

"नाही."

"चला, एवढं बघायला आले ते वसूल झालं."

ती बराच वेळ गल्लीकडे पाहत राहिली. मला वाटलं, झालं. मुलांना इथं आणणं जमत नाही हे तिलाही दिसलं, प्रश्न सुटला. पत्र खिशात होतं. आम्ही परत फिरलो, खांबांमधून मी तिला हात मांडीवर ठेवायला लावून काढलं, म्हाताऱ्यांना नमस्कार केला आणि मुख्य रस्त्यावर आलो. टपालाच्या पेटीपाशी मी थांबलो नाही. का, ते मला ठाऊक नाही. दहा पावलं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "पत्र टाकायचं राहिलं ना?"

मी थांबलो.

"काल रात्री लिहिलंत. आतल्या खिशात आहे. इकडे द्या."

मी दिलं. तिनं सोललेल्या बोटांनी ते उलगडलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचलं. शेजारून एक ट्राम गेली.

"अक्षर सुरेख आलंय," ती म्हणाली. "तारीख कालची आहे."

"हो."

"म्हणजे आज काय झालं असतं तरी हेच गेलं असतं."

मी पत्र परत घ्यायला हात पुढे केला. तिनं ते दिलं नाही.

"तुमच्या ऑफिसात एखाद्याच्या बदलीचा कागद आला, आणि ज्याची बदली त्याला विचारलेलंच नाही, तर तुम्ही काय करता?"

"तसा नियम नाही. पण कागद अपुरे असले तर शेरा मारून परत पाठवतो."

"पेन आहे?"

मी पेन दिलं. तिनं पत्राच्या समासात, माझ्याच पद्धतीनं, तिरकं लिहिलं: 'अपूर्ण. परत.' आणि खाली सही केली. वीस वर्षं मी घरी ऑफिसच्या फाइली आणत होतो. पत्र तिनं माझ्या हातात दिलं.

"आता पुन्हा मोजा. हात ठेवते."

"इथं?"

"इथं नाही तर काय, घरी? तिथल्या चौकटी मला पाठ आहेत."

मी बागबाजारच्या फुटपाथवर गुडघे टेकून टेप लावली. येणारे-जाणारे बघत होते. पेरांपासून पेरांपर्यंत पावणेअठ्ठावीस. कोपरांपासून कोपरांपर्यंत एकतीस.

"कोणता लिहू?"

"मोठा."

वही तिच्या मांडीवर ठेवून आम्ही अकरा जागा पुन्हा तपासल्या. एकतीस इंचांत न बसणाऱ्या सहा निघाल्या. त्यांवर तिनं काट मारली. पाच उरल्या. त्यांतून गल्लीकडे जाणारी एकच वाट निघत होती, आणि ती म्हणजे मी 'अशक्य' लिहिलेली.

"तीन पायऱ्या आहेत तिथं," मी म्हणालो. "शिवाय गटार. आपल्या दोघांना जमणार नाही."

"आपल्या दोघांना नाहीच जमणार. त्या तिघांना उठवायचं. टोपीवाल्यांच्या बायकोनं आताच सांगितलंय." तिनं वही मिटली. "तुम्ही पायऱ्या मोजल्या, खांब मोजले. रोकवर बसलेली माणसं कुठल्या रकान्यात लिहिलीत?"

कुठल्याच नाही. ती मला वाटेतली वाटली नव्हती. मी आयुष्यभर कुणाच्या उपकारात न राहता भागतं तेवढंच भागवत आलो, आणि आजारपणात तर जास्तच. मंडळी विचारायला यायची, काय हवं-नको? मी म्हणायचो, काही नको. तिला विचारून म्हणत नव्हतो.

टॅक्सीत ती झोपली. तिचे हात रुमालात गुंडाळलेले मांडीवर होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि मला काही तरी वाटायला हवं, असं मला वाटत होतं. त्यापुढे काही आलं नाही.

मेहुण्यांना उत्तर तिनंच लिहिलं. मी वाचलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं, माझ्या नावानं, थोडं रागावलेलं. खोली सध्या रिकामीच ठेवतो, त्यांनी लिहिलं होतं. मी ते तिला दाखवलं. "ठेवू दे," ती म्हणाली. "मोरी तरी सपाट झाली. वहिनीचे गुडघे दुखतात."

फेब्रुवारीत एका रविवारी ती मुलांना घेऊन बागबाजारला गेली. सात मुलं दोन पालकांबरोबर ट्रामनं, आणि ती टॅक्सीनं, बर्गीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आणि मुलीच्या आईला घेऊन. टॅक्सीचा खर्च पालकांनी वाटून घेतला. मी नको म्हणणार होतो, तेवढ्यात तिनं हो म्हणून टाकलं. मी बूट घालायला लागलो तर म्हणाली, "तुम्ही येऊ नका. तुम्ही असलात की मुलं मला विचारायचं ते तुम्हांला विचारतात. आणि तुम्ही सांगता."

मी घरी राहिलो. माझ्या अंदाजानं त्या पावणेबारापर्यंत यायला हव्या होत्या. पावणेबारा झाले, साडेबारा झाले. मी वरण-भात लावला, उतरवला. चौकटींवरचे ओरखडे हातानं चाचपून पाहिले. काही ठिकाणी रंग जाऊन लाकूड गुळगुळीत झालं होतं. घरमालकाला सांगून रंग लावून घ्यायचं मी ठरवलं होतं. ते रद्द केलं.

सव्वा वाजता टॅक्सी आली. ती मुलगी आधी उतरली आणि ओरडतच आत आली.

"काका, आजोबांनी उचललं! तीन आजोबांनी काकूंना खुर्चीसकट उचलून गटारावरून नेलं! आणि ते टोपीवाले म्हणाले, बघा, बर्गीला आम्हीच खंदक पार करून दिला!"

"आणि मग?"

"मग त्यांची पाठ दुखली. मग आजी त्यांना रागावल्या. मग आम्हांला मुरमुरे दिले."

"आणि बर्गी म्हणजे आपण का, ते कळलं?"

तिनं थोडा विचार केला. "काकू म्हणाल्या, होय, ते आपलेच होते. आणि गावांत त्यांनी फार वाईट केलं, म्हणून इथली माणसं घाबरली आणि खड्डा खणला. मग आजोबा म्हणाले, तुम्ही खाऊन घ्या आधी."

बायकोला मी टॅक्सीतून उचललं. तिच्या पातळाला चिखल लागला होता आणि तळहात काळे झाले होते. डाव्या हाताच्या पेरांवर नवी कातडी आली होती, गुलाबी. "पाणी तापवलंय?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. ते राहून गेलं होतं. मी जाऊन बंबात कोळसे घातले.

तिनं जेवता जेवता पुढच्या महिन्यात कुठे जायचं ते सांगितलं. मला तिथं जाऊन मोजून यायला सांगितलं. बरोबर तिची मापं दिली. जेवणानंतर मी वही काढली. बागबाजारच्या पानावर दुसऱ्या वाटेपुढे मी 'अशक्य' लिहिलं होतं. त्यावर काट मारून शेजारी लिहिलं: 'पायऱ्या तीन, गटार बारा इंच. माणसं तीन, सकाळी नऊ ते अकरा.'

तेव्हा नऊ वर्षं उरली होती, आता चार उरली आहेत. ती फळी अजून खुर्चीच्या पाठीलाच बांधलेली असते. कपाटातली त्या खणातली पुस्तकं जमिनीवर आहेत.